शरीर कमवा, माणसं गमावू नका

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या आरोग्य बैठकीला एक माय आली. बैठक संपेपर्यंत गप्प बसली. बाकीच्या बाया उठून गेल्यावर तिने पदराची गाठ सोडली. आत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक छोटी काचेची बाटली आणि वापरलेली सिरिंज होती.

"सिस्टर, हे पोराच्या गादीखाली सापडलं. त्याला काही रोग तर नाही ना झाला?"

बाटलीवरचे नाव आम्ही वाचले. मेफेंटरमाइन. हे औषध शस्त्रक्रियागृहात लागते. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिल्यावर बाईचा रक्तदाब एकदम घसरला, तर भूलतज्ज्ञ ते मोजूनमापून देतात. एकवीस वर्षांच्या धडधाकट मुलाच्या गादीखाली त्याचे काही काम नाही.

मुलगा दीड वर्षापासून जिमला जातो, असे मायने सांगितले. आधी घरी सगळ्यांना आनंद झाला होता. पोरगं कट्ट्यावर बसायचं सुटलं, गुटखा सुटला. मग हळूहळू तो घरच्यांबरोबर जेवेना. मे महिन्याच्या उन्हात अंगात दोन-दोन शर्ट घालू लागला. मामाच्या मुलीच्या लग्नाला गेला नाही. विहारात वंदनेला येणे बंद झाले. शेवटी माय म्हणाली, "अंग पैलवानासारखं झालंय, अन् म्हणतो कसा, माय, मी वाळून चाललो."

बाटली गंभीर होतीच. आम्हाला मात्र मायचे हे शेवटचे वाक्य त्याहून गंभीर वाटले. म्हणून या वेळचे आरोग्यपान त्यावर आहे.

ताकद हवीशी का वाटते?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या मुलांना मजबूत शरीर हवे वाटते, यात वावगे काही नाही. आपल्या समाजासाठी शरीर ही साधी गोष्ट कधीच नव्हती. पिढ्यान्पिढ्या या शरीराकडून वेठ करून घेतली गेली आणि त्याच शरीराच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला. इंग्रजांच्या फौजेत महार सैनिक लढले. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढवय्या नसलेली जात' असा शिक्का मारून त्यांची भरती बंद करण्यात आली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पुढे बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना नीटनेटके राहायला आणि जातीची खूण सांगणारा पेहराव टाकायला सांगितले. आपण कसे दिसतो आणि कसे उभे राहतो याचा संबंध स्वाभिमानाशी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

अलीकडचेही आठवा. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकासमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या दिवसांत आपल्या वस्त्यांनी काय सोसले ते वेगळे सांगायला नको. त्यानंतर आम्हाला काही मुले म्हणाली, "ताई, अंग असं पाहिजे की हात उचलणाऱ्यानं दोनदा विचार केला पाहिजे." या बोलण्यामागची भीती आणि चीड खरी आहे. तिला हसून चालणार नाही.

व्यायामाने काय मिळते?

आठवड्यातून तीन-चार दिवस वजने उचलली तर स्नायू आणि हाडे बळकट होतात, रक्तातली साखर ताब्यात राहते, झोप चांगली लागते, मन हलके होते. हे मुलांइतकेच मुलींना आणि पन्नाशीच्या बायांनाही लागू आहे.

दुसरा फायदा सोबतीचा. जिममध्ये एकाने छातीवरची पट्टी उचलताना दुसरा डोक्याशी उभा राहून हात देतो. तिथे जात विचारून कोणी वजन उचलत नाही. दारूच्या गुत्त्याऐवजी मुलाची संध्याकाळ तिथे जात असेल तर घराचे भलेच आहे. मनोहर ऐच यांचे उदाहरण मुलांना सांगावे. उंची चार फूट अकरा इंच. इंग्रजांच्या काळात तुरुंगात असताना साधनांशिवाय व्यायाम केला. १९५२ मध्ये ते मिस्टर युनिव्हर्स झाले आणि २०१६ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी वारले. त्यांचे शरीर त्यांना आयुष्यभर पुरले.

आरसा खोटे बोलू लागतो तेव्हा

मग बिघडते कुठे? व्यायाम करणारा मुलगा 'मी आज किती उचलले' यापेक्षा 'मी कसा दिसतो' हेच मोजू लागतो, तेव्हा. आधी तो आरशात दिवसातून एकदा बघतो, मग दहादा. मोबाईलवर ज्यांची शरीरे बघतो, त्यातल्या अनेकांनी औषधे घेतलेली असतात. वर प्रकाश, तेल आणि छायाचित्राची करामत असते. त्या मापाला साधे शरीर कधीच पुरे पडत नाही. दंड वाढत जातो आणि मनातला दंड बारीकच राहतो.

या आजाराला वैद्यकशास्त्रात नाव आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात शरीरसौष्ठव करणाऱ्यांमध्ये तो नोंदवला. हाडे दिसत असताना 'मी जाड आहे' असे वाटून अन्न सोडणाऱ्या मुली डॉक्टरांना माहीत होत्या. इथे उलटे होते. पीळदार शरीराचा तरुण 'मी किडकिडीत आहे' म्हणून लपत होता. १९९७ मध्ये याला 'मसल डिसमॉर्फिया' हे नाव मिळाले. आपण त्याला 'स्नायूंचा भ्रम' म्हणू. हा नखरा नव्हे आणि वेडही नव्हे. यावर उपचार होतात.

पुढील लक्षणे घरच्यांनी ओळखावीत:

१. शरीर भरलेले असूनही 'मी बारीक आहे' असे वारंवार म्हणणे.
२. सतत आरशात बघणे, किंवा आरसा पूर्ण टाळणे.
३. शरीर झाकण्यासाठी उन्हाळ्यात जाड किंवा दुहेरी कपडे घालणे.
४. एक दिवस व्यायाम चुकला तर चिडणे, रडवेले होणे.
५. ताप असताना किंवा दुखापत झालेली असतानाही जिमला जाणे.
६. जेवणाच्या भीतीने लग्न, जयंती, पाहुणे, विहार टाळणे.
७. पैसे कुठे जातात ते न सांगणे, उधारी होणे.
८. अचानक खूप मुरुमे, छातीत गाठ, चिडकेपणा, झोप उडणे.

एखाददुसरे लक्षण कोणातही दिसते. तीन-चार एकत्र दिसली आणि महिना-दोन महिने टिकली, तर बोलायची वेळ झाली असे समजावे.

घराच्या ताटात काय होते?

हा आजार एका मुलाचा राहत नाही, घराचा होतो. मजुरीच्या घरात मुलगा रोज सहा अंडी आणि महिन्याला काही हजारांची पावडर मागतो. माय ती कुठून तरी पुरवते. त्याच घरातल्या बहिणीचे रक्त आम्ही तपासतो तेव्हा हिमोग्लोबिन आठ निघते. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयाच्या आहेत, हे सरकारी पाहणीतूनच पुढे आले आहे. लेकाच्या दंडासाठी लेकीच्या ताटातले अंडे जात असेल, तर त्या घरात समता कुठे राहिली, हे आपणच स्वतःला विचारायचे.

एकत्र जेवण सुटते त्याचेही नुकसान मोठे आहे. ज्या समाजाला पंगतीतून उठवले गेले, त्याच्यासाठी एका पंगतीला बसणे हा हक्क आहे. डबा घेऊन कोपऱ्यात एकटा जेवणारा मुलगा हळूहळू बोलणेही बंद करतो. मित्र फक्त जिममधले उरतात. त्या मित्रांतच कोणीतरी एके दिवशी बाटली काढतो.

बाटलीत काय असते?

मेफेंटरमाइन : याने स्नायू वाढत नाहीत. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, थकवा जाणवत नाही, भूक मरते. मुलाला वाटते, ताकद आली. खरे तर शरीराची 'आता थांब' ही हाक ऐकू येईनाशी झालेली असते. सवय लागली की झोप जाते, संशय येऊ लागतो, नसलेले आवाज ऐकू येतात. ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरी व्यायामशाळांभोवती आणि भरतीच्या मुलांत ते चोरून विकले जाते. राज्यात अनेक ठिकाणी पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने असे साठे पकडले आहेत.

स्टेरॉइड : ही पुरुषी संप्रेरकाची औषधे आहेत. त्यांनी स्नायू फुगतात, हे खरे आहे. बाहेरून संप्रेरक आले की मेंदू आतला कारखाना बंद करतो. वृषण लहान होतात, शुक्राणू घटतात, मूल होण्यात अडचण येते, छाती बाईसारखी वाढू शकते. हृदयाचा स्नायू जाड होतो, चांगले कोलेस्टेरॉल घटते. त्यातल्या गोळ्यांनी यकृत बिघडते. औषध बंद केल्यावर आतला कारखाना सुरू व्हायला काही महिने लागतात. त्या काळात मन फार खचते, जीव द्यावासा वाटतो. म्हणून औषध थांबवायचेच, पण डॉक्टरांना सांगून, त्यांच्या देखरेखीखाली.

एकाच बाटलीतून चौघे : पैसे वाचवण्यासाठी मुले बाटली वाटून घेतात, कधी सुईसुद्धा. त्यातून हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरतात. कोणी असे केले असेल तर त्याला रागावण्याआधी सरकारी रुग्णालयात रक्त तपासायला न्यावे.

पाणी तोडणे : जयंतीच्या दिवसांत शरीरसौष्ठव स्पर्धा भरतात. नसा उठून दिसाव्यात म्हणून मुले आदल्या दिवशी पाणी बंद करतात, लघवीच्या गोळ्या घेतात. एप्रिलमध्ये परभणीचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा उन्हात पाणी आणि पोटॅशियम घटले की हृदय ठोका चुकवते. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आमची विनंती आहे. मंचाजवळ पाणी, मीठ-साखर आणि रक्तदाब मोजणारी परिचारिका ठेवा. औषध घेणाऱ्याला उतरवू नका. ढाल-करंडकाबरोबर पुस्तकेही द्या.

पंचशीलातले पाचवे शील आपण सुरा-मेरयापासून दूर राहण्यासाठी घेतो. बेहोश करून विवेक घालवणारी प्रत्येक वस्तू त्यात येते, मग ती ग्लासात असो की सिरिंजमध्ये.

भरतीला किती छाती लागते?

आपली पुष्कळ मुले पोलीस भरतीसाठी शरीर कमवतात. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर धावणारी मुले आपण बघतोच. त्यांच्यासाठी हिशोब मांडू. शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला उंची १६५ सेंटिमीटर लागते. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर, आणि फुगवल्यावर त्यात ५ सेंटिमीटरची वाढ. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. लेखी परीक्षा १०० गुणांची. दंडाचा घेर कोणी मोजत नाही. मैदानाच्या दुप्पट गुण पुस्तकाला आहेत. तीन तास जिममध्ये घालवणाऱ्या मुलाने त्यातला दीड तास अभ्यासिकेत घालवावा.

पावडरशिवाय काय खावे?

साठ किलो वजनाच्या, व्यायाम करणाऱ्या मुलाला दिवसाला साधारण ७२ ते ९६ ग्रॅम प्रथिने पुरतात. घरच्या अन्नातून ती अशी मिळतात:

दिवसभरात ज्वारीच्या भाकरी मिळून साधारण २० ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण १३ ग्रॅम. दोन अंडी १२ ग्रॅम. ५० ग्रॅम शेंगदाणे १२ ग्रॅम. ५० ग्रॅम फुटाणे १० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या शिजवून १५ ग्रॅम. बेरीज ८२ ग्रॅम. आठवड्यातून एकदा सुके बोंबील किंवा मटणाचा तुकडा मिळाला तर आणखी चांगले. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि अनेक ताटांतले स्वस्त मांस गेले. म्हणून आता डाळ, दाणे, अंडी आणि सोयाबीन यांवर भर द्यावा लागेल. जे सोयाबीन आपल्या आया-बहिणी दुसऱ्याच्या शेतात कापतात, ते आपल्याही ताटात आले पाहिजे. ज्याला मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

ज्वारीला गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडू नका. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण आणले. त्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. नावातच शक्ती असलेले धान्य आपल्या जिल्ह्यात निघाले आहे. ते लेकालाही द्या आणि लेकीलाही.

पावडर घ्यायचीच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते बघा, पक्के बिल घ्या. सुट्ट्या पिशवीतली पावडर घेऊ नका.

घरात कसे बोलावे?

'नुसता शरीराला बघतो', 'बाई झालास का' असे टोमणे मारू नयेत. जिम बंद करायची धमकीही देऊ नये. कौतुक करताना 'किती दंड झाले' असे न म्हणता 'पाण्याचा हंडा उचलून दिलास, बरं झालं' असे म्हणावे. शांत वेळी, एकट्याला विचारावे: "तुला तुझ्या अंगाबद्दल काय वाटतं रे?" आणि मग ऐकावे. बापाने हे विचारले तर जास्त बरे. आपल्याकडे बाप मुलाशी शरीराविषयी बोलतच नाही.

जिल्हा रुग्णालयात रक्तदाब, रक्त आणि यकृताची तपासणी करावी. मानसोपचारासाठी सरकारची 'टेलि मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येते. मुलगा जीव देण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

धम्म काय सांगतो?

सिद्धार्थाने शरीर सुकवून पाहिले. हाडे मोजता येतील इतके ते वाळले. मग सुजाताची खीर त्यांनी स्वीकारली आणि मध्यम मार्ग धरला. शरीराला छळायचे नाही आणि त्याचे लाडही करायचे नाहीत. कायानुपश्यनेत शरीर जसे आहे तसे बघायला शिकवतात. त्याचा गर्व नाही, त्याची किळस नाही. स्नायूंच्या भ्रमात माणसाला नेमके हेच जमेनासे होते. ध्यानाने मदत होते, पण ते डॉक्टरांच्या जागी नाही.

आणि बाबासाहेबांचे शरीर आठवा. मधुमेहाने पोखरलेले, पायांच्या दुखण्याने वाकलेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते काठीच्या आधाराने उभे होते. लाखो लोक त्यांच्यामागे धम्मात आले. त्यांच्या दंडाचे माप कोणी विचारले नाही.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत मुले कोणत्या कारणांनी जिमला जातात? मुलींना व्यायामाला जागा आहे का?
२. आपल्या घरात अंडे, दूध, मटण आधी कोणाच्या ताटात जाते?
३. जयंतीच्या स्पर्धेत मुलांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून मंडळ काय करील?

सुरुवातीच्या मुलाविषयी सांगून थांबतो. त्याला आम्ही मायसमोर बोलावले नाही, एकट्याला भेटलो. रक्तदाब १६० वर १०० भरला, नाडी ११८. आकडे बघून तो घाबरला आणि बोलला. शाळेत त्याला 'काडी' म्हणायचे, एवढेच तो आधी बोलू शकला. पुढचे बोलायला दोन महिने लागले. इंजेक्शन आता सुटले आहे. आरसा अजून पुरता सुटलेला नाही, उपचार चालू आहेत. व्यायाम चालू आहे, तो आम्हीच चालू ठेवायला सांगितला.

या बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर वाटली. साखर नको म्हणून दोन वर्षे त्याने ती घेतली नव्हती. या वेळी पंगतीत बहिणीशेजारी बसून त्याने वाटी पुढे केली. माय आमच्याकडे बघून काही बोलली नाही. तिने त्याला आणखी एक पळी वाढली, आणि मग बहिणीलाही.

जयभीम. नमो बुद्धाय.